एकलीचा कोयता

कौशाक्कानं माझं नाक पहिल्याच दिवशी फोडलं. ओळख नाही, पाळख नाही, सरळ नाक. सरावात मी गोलात उभी होते, चेंडू वरून आला, मी डोळे मिटून हात वर केले आणि तिचं कपाळ पाट्यासारखं माझ्या तोंडावर आदळलं. शुद्धीवर आले तेव्हा मी मुरमावर उताणी पडले होते, घशात रक्त उतरत होतं आणि एक काळीसावळी, रुंद खांद्यांची बाई वाकून माझं तोंड धूत होती. टँकरचं पाणी तेव्हा माणशी ठरवून मिळायचं. तिनं आपल्या वाट्याची कळशी माझ्या नाकावर रिकामी केली, माफी मात्र मागितली नाही. "डोळं मिटलंस म्हून लागलं," म्हणाली. "उघडं ठिवलं असतंस तर मी थांबले असते." हे धडधडीत खोटं होतं. कौशाक्का कुणासाठी थांबल्याचं मी पुढं कधी पाहिलं नाही.

माझं नाक अजून जरा डावीकडं झुकलेलं आहे. लग्न जमवताना पाहुण्यांपुढं आई मला उजवी बाजू दिसेल अशी बसवायची. नवरा आजही विचारतो, नाकाला काय झालं, आणि मी म्हणते, फुटबॉल. त्याला वाटतं चेंडू लागला.

ती चारा छावण्यांची वर्षं होती. आमच्या भागात ओळीनं पावसाळे कोरडे गेले होते, ऊस जागच्या जागी वाळला होता आणि सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो न होतो तोच संपायचा. पण कारखान्याचा फुटबॉल संघ मात्र जोरात होता. चेअरमनसाहेबांचा तो लाडका. पुण्या-कोल्हापूरकडचे खेळाडू आणलेले, प्रत्येकजण कारखान्यात कायम, कुणी टाइम ऑफिसात तर कुणी गेटवर, आणि काम फक्त खेळायचं. त्यांना डॉक्टर होता, मालीश करणारा होता, आणि सगळा तालुका घागरी घेऊन रांगेत उभा असताना त्यांच्या मैदानावर हिरवं गवत होतं. मग वरून नियम आला, की ज्या कारखान्याला स्पर्धेत पुरुषांचा संघ उतरवायचा आहे त्यानं बायकांचाही उतरवावा. लग्नात मुलीबरोबर करवली जाते, तसा आमचा संघ जन्माला आला.

तो जमवायचं काम दिलं दगडू मुकादमांना. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा माणूस. माणसं जमवायची त्यांना एकच रीत ठाऊक होती आणि त्यांनी तीच वापरली. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवते. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. एकटी बाई म्हणजे किती, हे कुणी ठरवलंच नव्हतं, कारण एकट्या बाईला टोळीत कुणी घेत नव्हतं. मुकादमांनी फुटबॉलच्या बायकाही कोयत्याच्या हिशेबानंच घेतल्या. बाई खेळणार, पण करार तिच्या जोडीदाराशी. अंगठा त्याचा, चाळीतली खोली त्याच्या नावावर, आगाऊ पैशांची उचल त्याच्या हातात. बाईबद्दल तक्रार आली तर तीही त्यालाच सांगायची, मग तो तिला 'समज' देणार. पुरुषांच्या संघातल्या एकाही बहाद्दराला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, तुझी बायको कुठाय. आमच्याबाबतीत मात्र यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याही नाही.

तर आम्ही खेळायचो आणि रेषेबाहेर लिंबाखाली आमचे नवरे, बाप, भाऊ दिवसभर बसून असायचे. एकीनं तर ठार बहिरा चुलता आणला होता. माझे वडील आष्टीला शिंपीकाम करायचे. ते मशीन उचलून कारखान्यावर आले आणि माझे जोडीदार म्हणून सगळ्या संघाच्या चड्ड्या शिवत बसले. बाकीचे नुसते बसायचे. बसलेल्या माणसाला तोंड फुटतं. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता ते आम्हाला बोटं दाखवून खेळ शिकवायचे.

कौशाक्काचा नवरा अंकुश त्यांत सगळ्यात गप्प. ही दोघं याच कारखान्याच्या फडात तोडणीला यायची. त्यांच्या पाचटाच्या कोप्या पुरुषांच्या मैदानाशेजारी होत्या. चेंडू उडून कोप्यांवर आला की मोळ्या उतरवणारी कौशाक्का तो लाथेनं परत धाडायची, आणि तो जिथून आला त्याच्याही पलीकडं जाऊन पडायचा. मुकादमांनी ते पाहिलं आणि ह्या कोयत्याला फडातून उचलून मैदानावर आणलं. अंकुश तोडणीत वाघ होता, असं सगळे सांगायचे. हाडकुळा, पण हात यंत्रासारखा चालायचा. इथं त्याला काम उरलं नाही. पोरं त्याला बघून म्हणायची, "का बे, कौशीचा अर्धा कोयता, आज काय तोडलंस?" तो हसायचा. मला त्याचं हसणं कधी आवडलं नाही, पण दया यायची.

कौशाक्का बॅकला खेळायची. सामन्याआधी दाराच्या उंबऱ्यावर बसून निवांत मिश्री लावायची आणि मैदानात उतरताना समोरच्या फॉरवर्डच्या पायाशी काळी पिंक टाकायची. मग अंगठ्यानं मुरूम उकरून म्हणायची, "ह्यो फड माझा." फुटबॉलचे नियम तिला शिकवायला गेलेला पुरुष संघाचा प्रशिक्षक दोन दिवस लंगडत होता. तिचा नियम एकच, आणि तो ती आम्हा पोरींना रोज ऐकवायची. "बुडख्यातून तोडायचं. वरून तोडलं की निम्मी साखर रानातच ऱ्हाती." ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, तशी ती समोरचीला घोट्यात तोडायची. चेंडू मिळाला तर बरा, नाहीतर बाई तरी मिळायचीच. पलूसकडच्या एका पोरीची नडगी मोडली तेव्हा आवाज आमच्या लिंबापर्यंत आला. कौशाक्का संध्याकाळी भाकरी-ठेचा बांधून तिला बघायला गेली, तिच्या उशाशी बसली, तिचे केस विंचरून आली. आणि दुसऱ्या सामन्यात तिच्या बहिणीचा खांदा निखळवला.

मी तिला हिंसक म्हणणार नाही असं ठरवलं होतं, पण ती होतीच. मला ती आवडायचीही त्यामुळंच. आम्हा बाकीच्यांना पडायची लाज वाटायची, ओरडायची लाज वाटायची, कुणाला धक्का लागला तर तोंडातून 'अगं बाई' निघायचं. तिला मैदानात कशाची लाज नव्हती. मी राखीव गोलकीपर, वर्षभर बाकावरच बसलेली. तिला बघत बसणं हेच माझं काम होतं आणि ते मी मनापासून केलं.

दुष्काळ वाढला तसं आमचं मैदान गेलं. तालुक्यात चारा छावणी उघडायची होती, कारखान्याकडं दोन मैदानं होती, आणि कुठलं द्यायचं यावर संचालक मंडळाला चहा संपेपर्यंतही विचार करावा लागला नाही. आमच्या मैदानावर जनावरं बांधली गेली. उरलेल्या पट्ट्यात आम्ही मेखा चुकवत सराव करायचो. कुणी मेखेवर पडली की मांडी फाटायची. वडील चड्डी शिवायचे आणि मांडीला हळद लावायचे. पलीकडं पाइपानं गवत भिजत असायचं.

अशात लिंबागणेशला जत्रेच्या निमित्तानं सामना ठेवला होता. गर्दी मोठी. खेळ बघायला थोडे, पाय बघायला जास्त. रेषेला लागून उभा असलेला एक टगा आमच्या कप्तानाला, सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला, पहिल्यापासून घाण बोलत होता. पोरगी रडायला आली. कौशाक्का खेळ सोडून रेषेबाहेर गेली. तिनं त्याची मानगूट धरली, गुडघा पोटात घातला, तो वाकल्यावर तोंड धरून दोरी बांधलेल्या खांबावर आपटलं. एकदा नाही. त्याचे दात मातीत पडलेले मी पाहिले. त्याचे सोबती पुढं आले, दगड सुरू झाले, आणि आम्ही टेम्पोत एकमेकींवर पडून कशाबशा तिथून निघालो. टेम्पोच्या फळीवर दगड आदळत होते आणि कौशाक्का आत बसून मुठीत घुसलेला दाताचा तुकडा काढत होती.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं. पुरुषांच्या संघात असं झालं असतं तर खेळाडूला बोलावून एक-दोन सामने बाहेर बसवलं असतं. इथं त्यांनी अंकुशला उभं केलं. "तुजा कोयता लई माजलाय. समज दे," म्हणाले. अंकुशनं इकडं तिकडं पाहिलं. मग तो पुढं झाला आणि त्यानं तिच्या तोंडात मारली. पहिली हलकी होती. मुकादम म्हणाले, ऐकू आली न्हाई. दुसरी ऐकू आली. तिसऱ्या वेळी तिचा ओठ फाटला.

ती हात खाली सोडून उभी होती. आदल्या दिवशी एका धटिंगणाचे दात पाडणारी बाई तिच्या खांद्याएवढ्या माणसाचा मार खात होती, आणि आम्ही सगळ्या बघत होतो. माझ्या अंगाची आग झाली. मागाहून मी तिला विचारलं, का सोसलंस, एका फटक्यात लोळवला असतास. ती ओठाला चुना लावत होती. "त्यानं नाव काढून घेतलं की माझा खेळ बंद, सुमे," ती म्हणाली. "थप्पड मोळीपरीस हलकीच हाय. खेळायला मिळतंय तवर खाईन."

पण तिनं ते गिळलं नव्हतं. काही दिवसांनी चेअरमनसाहेब छावणी बघायला आले. मागं पन्नास माणसं, पुढं पेंढ्यांचे ढीग. कौशाक्का सराव सोडून शेणामातीच्या पायांनी त्यांच्या आडवी जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "साहेब, माझं नाव एकलीचं लिवा. जोडीत नगं."

साहेब गोड तोंडाचे होते. ते म्हणाले, "एकट्या बाईचा कोयता कसा लिहायचा, बाई? उद्या काही कमी-जास्त झालं तर विचारायचं कुणाला?"

"मला," ती म्हणाली.

माणसं हसली. साहेब हसले नाहीत. थोडा विचार केल्यासारखं करून म्हणाले, की आपल्याच मैदानावर अंतिम सामना आहे, चषक आणा, मग तुमचं नाव एकटीचं लिहायला लावतो. राजकारणी माणूस, शब्द द्यायला काय जातं. पण कौशाक्कानं तो शब्द पदरात बांधून घेतला. त्या दिवसापासून ती दुप्पट धावू लागली. आणि लिंबाखाली बसलेला अंकुश हसायचा बंद झाला. तिचं नाव एकटीचं झालं की त्याचा अंगठा फुकट, खोली गेली, बसायची जागा गेली. फडात एकटा परत गेला तर तो अर्धाच. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी मी भिंतीपलीकडून आवाज ऐकला. लाकडावर लाकूड बसल्यासारखा, पण मऊ. आम्ही शेजारच्याच खोलीत राहायचो. बाहेर आले तर कौशाक्का उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती, तोंडातून मिश्रीची काळी लाळ हनुवटीवर उतरत होती आणि उजव्या पावलाची बोटं भलतीकडंच वळली होती. अंकुश छावणीतली मेखा ठोकायची लाकडी मोगरी हातात धरून उभा होता आणि रडत होता. "मी कुठं जाऊ," एवढंच म्हणत होता. "मी कुठं जाऊ, सांग की." ती त्याच्याकडं बघतही नव्हती. आपल्या पायाकडं बघत होती. तोंडातून हूं की चूं नाही.

मी डॉक्टरला आणायला पळाले. ते पुरुष संघाचे होते, आणि त्यांना पुरुष संघासाठीच ठेवलं होतं. मुकादमांना विचारून या म्हणाले. मुकादम म्हणाले, बघू. शेवटी वडिलांनी मांजरपाटाच्या पट्ट्या फाडल्या, पाऊल आवळून बांधलं आणि सुटू नये म्हणून दाभणानं पट्टी पट्टीला शिवून टाकली. एकदा दाभण कातड्यात गेला. "शिवा, भाऊ," ती म्हणाली, "सुटाया नगं." बूट चिरून त्यांनी त्यात पाऊल बसवलं आणि वरून पुन्हा टाके घातले.

सामना पुरुषांच्या मैदानावर होता. त्या हिरवळीवर आम्ही पहिल्यांदा पाय ठेवला. आमच्या पोरी सारख्या घसरत होत्या, कारण आम्हाला मुरमाची सवय. कौशाक्का मैदानात नव्हती. ती माझ्या शेजारी बाकावर होती, कारण अंकुशनं मुकादमांना सांगितलं होतं, माझ्या बायकोला आज खेळवायची नाही. मध्यंतरापर्यंत आमच्यावर एक गोल चढला. त्यांची फॉरवर्ड आमच्या बॅकच्या पोरींना कोपरं मारत आरपार जात होती. एकीच्या भुवईतून रक्त वाहत होतं. बाकावरून मला कौशाक्काचा श्वास ऐकू येत होता.

दुसरा डाव सुरू झाल्यावर ती उठून मुकादमांकडं गेली. मला घाला, म्हणाली. मुकादमांनी मान न वळवता सांगितलं, "अंकुशला इचार. तो हो म्हनला तर घालतो."

ती रेषेच्या कडेनं लंगडत निघाली. दोन मैदानांमधल्या त्याच लिंबाखाली सगळे जोडीदार बसले होते. ती अंकुशपुढं जाऊन उभी राहिली. मीही मागोमाग गेले होते, कारण मला वाटलं ती पडेल. तिनं पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला आणि अगदी घरातल्या आवाजात विचारलं.

"आवं, खेळू का?"

शेजारच्या माणसांनी माना वर केल्या. तो तिच्याकडं बघायला तयार नव्हता. "बस खाली," म्हणाला.

तिनं मोडक्या पायानंच मारलं. उजवा तिचा हुकमी पाय, दुसऱ्यानं मारणं तिला माहीतच नव्हतं. लाथ त्याच्या गुडघ्यावर आडवी बसली आणि गुडघा भलत्या बाजूला वळला. फडातला ऊस तुटतो तसा तो खाली आला. ती त्याच्यावर वाकली, वाटलं आता जीवच घेते, पण तिनं फक्त त्याच्या डोक्याखाली आलेला दगड बाजूला सारला. मग वळून मुकादमांना म्हणाली, "आता इचारायला कुणी ऱ्हायलं न्हाई. घाला मला."

मुकादमांनी घातली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भ्यायले असावेत. परगावच्या रेफ्रीला गोंधळ कळला नाही, त्यानं शिट्टी वाजवून तिला आत घेतलं. एकीकडं पुरुष संघाचे डॉक्टर पेटी घेऊन धावत लिंबाकडं आले. स्ट्रेचर आलं, बर्फ आला, अंकुशला उचलून कारखान्याच्या गाडीत घातलं. आणि इकडं ती शिवलेल्या पायानं त्या फॉरवर्डला भिडली. पहिल्याच झटापटीत दोघी आडव्या झाल्या. उठली फक्त कौशाक्का. त्यानंतर आमच्या गोलाकडं कुणी धड आलंच नाही. पांढऱ्या पट्टीतून आधी ठिपके आले, मग बूट लाल झाला, मग तिच्या मागं गवतावर डाग पडत गेले. आमच्या पोरींना काय झालं कोण जाणे, त्याही चवताळल्या. कोपरं, गुडघे, डोकी, सगळं चाललं. सोळा-सतराच्या त्या कप्तानानं दोन गोल मारले, दुसरा तर त्यांच्या गोलकीपरसकट आत ढकलला. चषक आमचा झाला.

तो घ्यायला मुकादम गेले.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकते. अंकुशची सगळ्यांना कणव आली आणि कारखान्यानं त्याला गेटवर वॉचमन म्हणून कायम केलं. बायकांचा संघ दुसऱ्या वर्षी मोडला, नियम कुणीतरी वरच्या वर बदलून आणला. वडील मशीन घेऊन आष्टीला परतले. पुरुषांचं गवत अजून हिरवं आहे. कौशाक्काबद्दल मी नाना गोष्टी ऐकल्या. कुणी म्हणतं कर्नाटकात तोडणीला आहे, कुणी म्हणतं पाय कापला. खरंखोटं मला माहीत नाही. मी तिला पाहिलं ते त्याच दिवशी, शेवटचं.

रेफ्रीची शेवटची शिट्टी होईपर्यंत पोलिसांची जीप गोलाच्या मागं थांबून राहिली होती. हवालदार सामन्यात गुंतला होता. ती स्वतःच चालत जीपकडं गेली. वाटेत चेअरमनसाहेब दिसले तेव्हा थांबली. त्यांनी हात जोडून तिला सांगितलं, की बाई, आता तुमच्यावर केस होणार, अशात तुमचं नाव कारखान्याला कसं लावायचं. ती तशीच पुढं गेली. जीपच्या मागच्या फळीवर टेकली. मी तिची चप्पल घेऊन मागं पळत आले होते.

हवालदारानं बॉनेटवर कागद ठेवून नाव विचारलं. तिनं कौशल्या सांगितलं. त्यानं सवयीनं नवऱ्याचं नाव विचारलं. ती म्हणाली, "त्येचं नाव मार खानाऱ्यात लिवा." मुकादम मध्ये आले, साहेब, टोळीतली बाई आहे, रागाच्या भरात झालं, आपण आपसात मिटवू, म्हणू लागले. तिनं त्यांना हातानं मागं सारलं. हवालदारानं विचारलं, मारताना संगं कोण होतं.

"कुणी न्हाई. म्या एकलीनं मारलं. एकलीचंच लिवा."

त्यानं लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद माझ्याकडं वळवायला लावला आणि वाच म्हणाली. मी वाचलं. तिचं एकटीचंच नाव होतं. पुढं नाही, मागं नाही, कुणाचं नाही. तिनं मान हलवली, दोन्ही हातांनी तो लाल बूट धरला, आणि पाय जीपमध्ये ओढून घेताना पहिल्यांदा मोठ्यानं किंचाळली.